ओबीडी अडॅप्टर आठ महिने वापरल्यानंतर: अधूनमधून तापणाऱ्या इंजिनाचा माग

गेल्या मार्चपासून माझी २०१४ सालची पेट्रोल हॅचबॅक अधूनमधून तापू लागली. ‘अधूनमधून’ हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण सगळा त्रास त्या शब्दातच आहे. कोल्हापूरहून कराडला जाताना किणी टोलनाक्याच्या रांगेत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्याने गाडी जाऊन आली तेव्हा तो जागचा हललासुद्धा नाही. पहिल्या गॅरेजात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलले. दुसऱ्यात थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप, बदलला. तिसऱ्याने हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालची सांधपट्टी) गेल्याचे सांगून हेड उघडण्याचा अठरा हजारांचा अंदाज दिला. तिन्ही ठिकाणी अर्धा-पाऊण तास इंजिन चालू ठेवून पाहिले गेले आणि तिन्ही ठिकाणी गाडी गुणी मुलासारखी वागली. “साहेब, आमच्या दारात आली की हिला काही होत नाही, मग मी बघू तरी काय?” असे दुसऱ्या गॅरेजचे मेस्त्री म्हणाले, आणि त्यांचे बोलणे चुकीचे नव्हते.

एप्रिलमध्ये मी ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अडॅप्टर घेतला तो या कारणासाठी: मेस्त्रींना दिसत नाही ते कुठेतरी लिहून ठेवले जावे. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवण्याची व्यवस्था. बीएस-४ या प्रदूषण मानकाखाली एप्रिल २०१३ पासून तिची दुसरी आवृत्ती, ओबीडी-२, सक्तीची झाली असल्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचे सॉकेट असते. अडॅप्टर त्यात बसवायचा, फोनमधील ॲपशी जोडायचा, आणि इंजिनाच्या संगणकाला दिसणारे कूलंटचे तापमान, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), वेग, आत जाणाऱ्या हवेचे तापमान असे आकडे पडद्यावर येतात.

पहिला अडॅप्टर साडेतीनशे रुपयांचा होता आणि तो पैसे पाण्यात घालण्याचाच प्रकार ठरला. बाजारातील बहुतेक स्वस्त अडॅप्टर ईएलएम ३२७ या मूळ चिपच्या नकलेवर चालतात. माझा दर दहा-पंधरा मिनिटांनी फोनशी संपर्क तोडत असे, आणि बिघाड नेमका कधी येईल हे ठाऊक नसताना असे तुटक काम उपयोगाचे नाही. दुसरा साडेनऊशेचा घेतला. त्याने आजवर दगा दिलेला नाही. आयफोनवाल्यांनी खरेदीपूर्वी एक गोष्ट पाहावी: जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारे अडॅप्टर आयफोनशी जुळत नाहीत, त्यासाठी वाय-फायचा किंवा ब्लूटूथ एलई (कमी वीज खाणारे नवे ब्लूटूथ) असलेला घ्यावा लागतो.

मी सर्वप्रथम सेन्सरची परीक्षा घेतली. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवून कूलंट आणि आत जाणारी हवा यांची तापमाने वाचली, तर ती जवळपास सारखी यायला हवीत. माझ्याकडे २६ आणि २७ आली, म्हणजे सेन्सर खोटे बोलत नव्हता. पडद्यावर उणे ४० दिसले असते, तर तो थंडीचा चमत्कार नसून सेन्सरची वायर तुटलेली किंवा सुटलेली आहे असे समजायचे.

त्यानंतरचे तीन आठवडे गाडी निरोगी असतानाच्या नोंदी करण्यात गेले. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याखेरीज पुढचे काही कळत नाही. माझी गाडी मोकळ्या रस्त्यावर ८८ ते ९० अंशांवर राहते. सिग्नलला उभी राहिली की तापमान सावकाश ९६ पर्यंत चढते, रेडिएटरचा पंखा सुरू होतो, मिनिटभरात ते ९१ वर उतरते आणि पंखा बंद होतो. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. याच काळात डॅशबोर्डावरील काट्याविषयीचा माझा भ्रमही फिटला. ८० पासून १०० च्या पुढेपर्यंत तो मध्यावर ढिम्म बसलेला असतो. चालकाला उगाच घोर लागू नये म्हणून अनेक गाड्यांचे काटे असेच बसवलेले असतात. त्यामुळे काटा हलला, याचा अर्थ बराच उशीर झाला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत तो क्षण आला. तापमान ९६ झाले आणि उतरले नाही. मिनिटभरात ९९ झाले. एसी चालू होता, पण त्याची हवा कोमट येऊ लागली. एरवी मी हे गॅस कमी झाल्याचे लक्षण मानले असते. मात्र माझ्या गाडीत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) यांना मिळून एकच पंखा आहे, त्यामुळे दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी येऊन मिळत होत्या. १०२ वर ॲपमध्ये लावलेला भोंगा वाजला. काटा अजून मध्यावरच होता.

गाडी कडेला घेऊन एसी बंद केला आणि इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडले. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा प्रश्नच नव्हता, कारण दाबाखालील कूलंट झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. पंखा स्तब्ध होता. फोनवर १०५ दिसत होते. जॅकचा दांडा काढून, हात पात्यांपासून दूर ठेवून, पंख्याच्या मोटरच्या पाठीवर दोन हलके ठोके दिले. पाती एकदा थरथरली, मग पंखा झटका देऊन फिरू लागला, आणि दोन मिनिटांच्या आत तापमान ९४ वर आले. इतक्या महिन्यांचा घोळ दोन ठोक्यांत उलगडल्याचा मला आनंद झाला आणि थोडी चीडही आली.

दुसऱ्या दिवशी शिवाजी उद्यमनगरातील एका वायरमनकडे गेलो आणि कागदावर छापलेला आलेख त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि “म्हणजे गाडी थांबली की चढतंय, पळाली की उतरतंय, मग हेड कशाला खोलायचं?” असे म्हणून टेस्ट लॅम्प काढला. पंखा सुरू व्हायच्या वेळी त्याच्या जोडणीपाशी दिवा लख्ख पेटत होता, म्हणजे रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), फ्यूज आणि वायर शाबूत होते. मोटर उघडली तेव्हा तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा एक कार्बन ब्रश झिजून नखाएवढा उरला होता. स्प्रिंगचा जोर पुरेनासा झाला की असा ब्रश कॉम्युटेटरवर, म्हणजे त्या फिरत्या भागावरील तांब्याच्या कड्यावर, कधी टेकतो, कधी टेकत नाही. मोटर शेवटी कोणत्या जागी थांबली यावर ती पुन्हा सुरू होणार की नाही हे ठरते. गॅरेजमध्ये पंखा सुरू होई आणि टोलनाक्यावर होत नसे, याचे उत्तर एवढेच होते. मोटर बदलली. खर्च हेडच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्शाइतकाही आला नाही.

आता अडॅप्टरची खरी मर्यादा सांगतो, कारण जाहिरातीत ती दडवलेली असते. या संपूर्ण काळात गाडीच्या संगणकात एकही दोषाचा कोड नोंदला गेला नव्हता. माझ्या गाडीत संगणक पंख्याच्या रिलेला हुकूम देतो. पाती खरोखर फिरली का, हे पाहण्याची सोय त्याच्याकडे नाही. ‘स्कॅनर लावला, कोड नाही, गाडी ठीक’ असे सांगणारे गॅरेज म्हणूनच अर्धेच खरे बोलत असते. अडॅप्टर रोग सांगत नाही, रुग्णाचा ताप लिहून ठेवतो. नोंदीतून काय वाचायचे ते आपल्याला ठाऊक असावे लागते: उभ्या गाडीत ताप चढत असेल तर संशय पंख्यावर, चढणीवर किंवा भरधाव वेगात चढत असेल तर रेडिएटर, वॉटर पंप किंवा कूलंटच्या प्रवाहावर, थंड इंजिन सुरू केल्यावर एकदम उसळी मारून धपकन उतरत असेल तर अडकणाऱ्या थर्मोस्टॅटवर किंवा आत राहिलेल्या हवेवर. हेड गॅस्केटचा संशय मी वेगळा तपासला होता. ऑइल दुधाळ झालेले नव्हते, धूर पांढरा नव्हता, आणि इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून इंजिन सुरू केल्यावर कूलंटमध्ये बुडबुडे येत नव्हते.

आणखी एक धोका आहे. कूलंट गळून पातळी सेन्सरच्या खाली गेली, तर सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून कूलंटच्या बाटलीकडे पाहणे सोडू नये.

गैरसोयींचेही सांगायला हवे. त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेत गाडी बंद असतानाही बॅटरीचा प्रवाह असतो. जूनमध्ये दोन आठवडे अडॅप्टर तसाच राहिला आणि गाडी धक्का मारून सुरू करावी लागली. फोनमध्ये त्या ॲपसाठी बॅटरी वाचवण्याची सोय बंद केली नाही, तर पडदा मिटताच नोंद थांबते. माझे पहिले चार दिवस असेच वाया गेले. आणि गॅरेजवाले कोड पुसतात तेव्हा बिघाडाच्या क्षणी साठवलेली आकडेवारीही पुसली जाते, म्हणून पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढून ठेवावा.

पावसाळ्यात मी कोणताही निष्कर्ष काढला नाही. जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच इतकी थंड असते की कोणतीही दुरुस्ती यशस्वी वाटते. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उन्हात झाली, आणि तेव्हा एक दुसराच दोष उघडा पडला. रत्नागिरीहून परतताना साखरप्यानंतर आंबा घाट चढताना तापमान १०३ पर्यंत गेले, पंखा फिरत असतानासुद्धा. माथ्यावर सपाटी लागताच ते उतरले. हा पंख्याचा स्वभाव नव्हे. रेडिएटर बाहेर काढला तेव्हा कंडेन्सर आणि त्याच्यामधल्या सांदीत चिखल व किड्यांचा थर साचून जाळी बुजलेली होती, आणि आत क्षारांचे पापुद्रे होते. पूर्वी कुठेतरी कूलंट संपल्यावर बोअरचे पाणी ओतले गेले असणार. आतून-बाहेरून साफ करून डिस्टिल्ड पाण्यातले कूलंट भरले आणि रेडिएटरचे जुने झाकणही बदलले, कारण ते दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळते. साध्या पाण्यावर एक बार जादा दाब असला की त्याचा उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे १२० अंशांवर जातो, इतका त्या झाकणाचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबरमध्ये त्याच चढणीवर, चार माणसे आणि एसीसह, कमाल ९७ नोंदले गेले. हवा मात्र आधीच्या वेळेपेक्षा चार अंशांनी थंड होती, हेही त्याच नोंदीत आहे.

साडेनऊशे रुपयांत मला जे मिळाले त्यावर मी समाधानी आहे, पण ज्याला तीन आठवडे निरोगी गाडीचे आकडे लिहीत बसण्याची चिकाटी नाही त्याने हे पैसे चांगल्या वायरमनला द्यावेत. लांबच्या प्रवासाला निघताना मी अडॅप्टर अजूनही लावतो, उतरताना काढून कप्प्यात टाकतो. सध्या कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे. गेल्या पाच आठवड्यांत पातळी त्या रेघेच्या खाली अर्धे बोट गेली आहे, आणि तापमानात मात्र त्याचा मागमूस नाही. मेस्त्रींचा संशय खालच्या होज पाइपच्या क्लॅम्पवर आहे. येत्या रविवारी प्रेशर टेस्ट, म्हणजे कूलंटच्या यंत्रणेत दाब भरून गळती शोधण्याची चाचणी, करायची ठरली आहे.