टीबीच्या उपचारांसाठी घरपोच रक्ततपासणी पॅकेज : हर्णैहून आमचा अनुभव (५ पैकी ३ तारे)

धाकट्या भावाला फेब्रुवारीत फुफ्फुसाचा टीबी निघाला. तो ट्रॉलरवर खलाशी. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होत्या, पण रक्त तपासायला आम्ही एका खाजगी लॅबचा माणूस सहा महिन्यांत चारदा घरी बोलावला. लॅबचं नाव लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. रक्त न्यायला येणारा मुलगा कधी चुकला नाही. जुलैच्या धो-धो पावसात पावणेसातला दारात हजर. भावाच्या शिरा बारीक, तरी एका टोचणीत काम. पहिल्या खेपेचं यकृताचं तपासणं तर फारच उपयोगी पडलं. टीबीच्या चार गोळ्यांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींचा भार यकृतावर येतो. तिसऱ्या आठवड्यात भावाला जेवण नकोसं झालं, मळमळ सुरू झाली. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मळमळ वेगळी. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, थोडंच वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या. तो रिपोर्ट हातात नसता तर भावाने आपल्या मनानेच गोळ्या सोडल्या असत्या, हे मी खात्रीने सांगते.

सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाचं मात्र नीट समजून घ्या. शरीरात कुठेही दाह असला की तो वाढतो. भावाचा सुरुवातीला ६४ होता, दोन महिन्यांनी ७ वर आला. वजनही वाढत होतं, खोकला थांबला होता, म्हणून आम्ही खूश. मग मेच्या शेवटी, पावसाळी मासेमारी बंदी लागायच्या आधी, तो नुसता बघायला म्हणून किनाऱ्यावर लिलावाला गेला आणि तळपायात शिंगाळा माशाचा काटा घुसला. पाय टम्म सुजला. त्या आठवड्यात सीआरपी ४१! आईने देव पाण्यात घातले. डॉक्टरांनी पाय बघितला, जखम साफ करून घेतली. सीआरपीला काटा कळतो, टीबी कळतो, पण दोघांतला फरक कळत नाही. ईएसआर या दाह दाखवणाऱ्या दुसऱ्या रक्ततपासणीचंही तसंच, आणि तो उतरायलाही वेळ लावतो.

आता दोन तारे कुठे कापले ते. जुलैअखेर, कोर्स संपत आला तेव्हा, लॅबने फोनवर ‘टीबी मॉनिटरिंग पॅकेज’ सुचवलं. साडेतीन हजार रुपये. त्यात इग्रा नावाची तपासणी होती. ‘टीबी गेला का ते कळेल,’ असं फोनवर स्पष्ट सांगितलं. त्या मुलाने राखाडी, हिरव्या, पिवळ्या आणि जांभळ्या टोपणाच्या चार बारक्या नळ्यांत थोडं-थोडं रक्त घेतलं, प्रत्येक नळी दहा वेळा हलवली आणि बर्फाच्या डब्यात न ठेवता कागदात गुंडाळून वेगळी ठेवली. ‘ताई, ह्यातल्या पेशी जिवंत राहायला हव्यात, सोळा तासांत उबवणीला लावायच्या असतात,’ म्हणाला. त्याचं काम चोख होतं.

दोन दिवसांनी रात्री मोबाइलवर रिपोर्ट आला : पॉझिटिव्ह. ठळक अक्षरांत, खाली एका ओळीचाही खुलासा नाही. आई म्हणाली, ‘म्हंजे अजून हाय त्याच्या अंगात?’ आणि फेब्रुवारीत वेगळं केलेलं त्याचं ताट-भांडं पुन्हा बाजूला निघालं. टीबी ताटावाटे पसरत नाही, हवेतून पसरतो, हे तिला तेव्हाही सांगून झालं होतं. लॅबला फोन केला तर ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच उत्तर. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. नाखवाने आठ दिवस वाट पाहिली आणि दुसरा खलाशी घेतला.

खुलासा केला तो सरकारी दवाखान्यातल्या टीबी सुपरवायझर बाईंनी. इग्रा म्हणजे, आपल्या पांढऱ्या पेशींची टीबीच्या जंतूशी कधी ओळख झाली आहे का, एवढंच. नळीत त्या जंतूची प्रथिनं असतात, ओळखीच्या पेशी ती बघून इंटरफेरॉन गॅमा सोडतात. ही ओळख बऱ्या झालेल्या माणसातही वर्षानुवर्षं टिकते. म्हणून उपचार लागू पडले की नाही हे या तपासणीवरून ठरवतच नाहीत. ते ठरतं बेडक्यावरून. पहाटेचा, खोल खोकून काढलेला बेडका दोन महिन्यांनी आणि कोर्सच्या शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सुरुवातीला निदानासाठी वापरतात ती ट्रूनॅटसुद्धा इथे चालत नाही, कारण तिला मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो. भावाचा बेडका निगेटिव्ह आला, एक्स-रेही सुधारलेला. पूर्ण बरा.

रक्तावरून उपचाराचा माग काढता यावा म्हणून जगभर खटपट चालू आहे. पांढऱ्या पेशींतल्या तीन जनुकांची हालचाल मोजणारी, बोटातल्या थेंबभर रक्तावर चालणारी तपासणीही तयार झाली आहे, पण ती अजून संशोधनातच. अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर आपल्याकडे २०१२ सालीच बंदी आली. या लॅबच्या यादीत त्या नव्हत्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

तेव्हा डॉक्टरांनी लिहिलं असेल तर यकृताची तपासणी आणि सीआरपी इथे जरूर करा. ‘टीबी गेला का’ म्हणून इग्राला पैसे देऊ नका. लॅबने पॅकेजचं वर्णन बदलावं आणि रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी छापाव्यात, असं मी त्यांना लेखी कळवलं आहे.

इग्राची खरी गरज होती ती आईला. रुग्णासोबत एका घरात राहणाऱ्यांनी ती करायची असते, फेब्रुवारीत ती नको म्हणाली होती. सप्टेंबरमध्ये तोच मुलगा आला, त्याच चार नळ्या. पॉझिटिव्ह आली. एक्स-रे स्वच्छ, म्हणजे आजार नाही, पण जंतू अंगात झोपलेला असू शकतो. आठवड्यातून एकदा अशा बारा खेपा गोळ्या घ्यायच्या आहेत, सरकारी दवाखान्यातून फुकट. दर रविवारी भाऊ समुद्रावरून फोन करून विचारतो, घेतल्यास काय गोळ्या. आज सातवी खेप झाली.