नाव कडबाकुट्टीचं, वैरण मक्याची

ज्वारीचा तो कडबा, बाजरीचं ते सरमाड. मक्याची मात्र हिरवी असताना ताटं आणि कणसं खुडून वाळली की धांडे. गावागणिक शब्द बदलतील, पण त्यांना सहसा कडबा म्हणत नाहीत. वैरण कापायचं दोन अश्वशक्तीचं, दोन पात्यांचं कडबाकुट्टी यंत्र मक्यासाठी घेताना हा फरक ध्यानात ठेवावा.

हिरव्या ताटांवर यंत्र उत्तम. तीन-चार ताटं एका वेळी, बुडखा पुढे करून सरकवायची. शेंडा आधी घातला तर पानं उलटी फिरून चारा आत ओढणाऱ्या रुळांत गुंतून बसतात. तुकड्याच्या लांबीचा हिशेब सोपा आहे: पाती बसवलेल्या चाकाचे मिनिटाला 600 फेरे, पाती दोन, म्हणजे 1200 काप. रूळ तेवढ्यात 18 मीटर चारा ओढत असतील तर तुकडा दीड सेंटिमीटरचा पडतो. मुरघासाला, म्हणजे हवाबंद दाबून मुरवायच्या हिरव्या चाऱ्याला, एवढाच हवा. लांब तुकडे नीट दबत नाहीत, मध्ये हवा राहते आणि बुरशी धरते.

खरी परीक्षा वाळक्या धांड्यांची. बाहेरची साल चिवट, आतला गाभा भुसभुशीत. पातं बोथट असलं की गाभा चेचतो, साल तुटण्याऐवजी चिरते, तिचे दोरे रुळावर गुंडाळतात, पट्टा घसरतो, आणि दोष जातो बिचाऱ्या मोटारीला! आधी फिरतं पातं आणि स्थिर पातं यांतली फट बघावी. वीज पूर्ण तोडून, बोटं लांब ठेवून, मध्ये कागदाची पट्टी धरावी आणि चाक हळूच फिरवावं. कागद फाटला किंवा दुमडला तर फट जास्त आहे किंवा धार गेली आहे. चाकावरची दोन्ही पाती एकदमच धार लावून बसवावीत. वजनात फरक पडला की यंत्र थरथरतं. धार लवकर जाण्याचं मुख्य कारण म्हणजे मुळांची माती, म्हणून मूळ छाटूनच ताट घालावं.

दोन-तीन जनावरांच्या रोजच्या वैरणीला हे यंत्र पुरतं. मुरघासाचा खड्डा एका दिवसात भरायचा असेल तर याच्या नादी लागू नये. घेताना रूळ उलटे फिरवायचा दांडा चालवून बघावा, अडकलेला चारा त्यानंच बाहेर येतो. आणि चारा सरकवायचा ट्रे हातापेक्षा आखूड असेल, तर बाकी सगळं पसंत पडलं तरी ते यंत्र नकोच.