क्लच प्लेटच्या नावाखाली: जुनी मोटारसायकल असणाऱ्यांनी वाचाच

तुमच्याकडे जुनी मोटारसायकल असेल आणि एखादा मेकॅनिक नुसता क्लचचा लिव्हर दाबून ‘क्लच प्लेटा गेल्या’ म्हणाला, तर गाडी त्याच्याकडे सोडून घरी येऊ नका. हा धंदा सगळा ‘गाडी जुनी आहे ना शेठ’ या वाक्यावर चालतो. नव्या गाडीला कुणी काही सांगितलं तर आपण चार प्रश्न विचारतो. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र मान डोलावतो, कारण काहीही बिघडलं असेल हे आपल्याला आधीच पटलेलं असतं.

गाडी आमच्या आप्पांची. हिरो होंडा स्प्लेंडर, 2004 ची. त्यांनी नाशिकला अंबडच्या कंपनीत नोकरी करताना घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा भंगारात द्या म्हणून सगळे मागे लागले होते, पण आप्पांनी पेठ रोडला आरटीओत चकरा मारून, पर्यावरण कर भरून तिची फेरनोंदणी करून घेतली. तेव्हापासून मीच चालवतो. चैत्रात बायकोला घेऊन वणीला गेलो आणि नांदुरीच्या घाटात गाडीने पहिल्यांदा रंग दाखवला. अ‍ॅक्सिलेटर पिळला की इंजिन रडायचं, पण गाडी काही पुढे सरकायची नाही. गडावर पोचलो, पण शेवटचा चढ बायको चालतच आली, आणि ते तिने अजून विसरलेलं नाही.

हा क्लच घसरण्याचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नीट न पोचण्याचा प्रकार आहे, एवढं मलाही कळत होतं. सिडकोतल्या घराजवळ एक गॅरेज आहे, नाव लिहीत नाही. बाहेर नेहमी गर्दी, आत पोरं कामाला, म्हणून विश्वास बसला. मालकाने लिव्हर दोनदा दाबला, गाडीवर बसलासुद्धा नाही. म्हणाला, “प्लेटा जळाल्यात भाऊ. बाराशेपर्यंत जाईल. संध्याकाळी घेऊन जा.” दुपारी फोन आला: इंजिनचं साइड कव्हर उघडलंय, क्लच बेलला (प्लेटा ज्या वाटीत बसतात तिला) खाचा पडल्यात, स्प्रिंगा बसल्यात, केबलही बदलावी लागेल, सगळं ओरिजिनल टाकतो. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. काळ्याठिक्कर जळक्या प्लेटा, तेलात माखलेल्या, वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेल्या. असा फोटो बघितल्यावर कोण नाही म्हणणार? इंजिन उघडून पडलंय, गाडी त्याच्या दारात, आपण कामावर. एकूण 3,850 रुपये झाले. बिल म्हणून वहीचं पान फाडून दिलं, त्यावर ‘क्लच काम’ आणि खाली आकडा. गॅरेजचं नाव नाही, तारीख नाही. जुने पार्ट मागितले तर पिशवीत घालून लगेच दिले. त्या लगेच देण्याने उलट माझी खात्रीच पटली.

शंका आली ती रात्री गाडी लावताना. लिव्हरजवळ केबलचं वरचं आवरण फाटलं होतं, तिथे आप्पांनी कधीतरी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती पट्टी जिथल्या तिथे होती, म्हणजे केबल जुनीच. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मालक हसून म्हणाला, “पोरगं विसरलं असेल, या कधीपण, टाकून देऊ.” आठवडा उलटला नाही तोच गाडी पुन्हा घसरायला लागली. शिवाय इंजिनच्या उजव्या बाजूच्या कव्हरखालून तेल पाझरायला लागलं, पार्किंगमध्ये रोज सकाळी डाग. पुन्हा गेलो. आता म्हणे नव्या प्लेटा सेट व्हायला वेळ लागतो, पाचशे किलोमीटर चालवा. प्लेटा नव्या असोत की जुन्या, क्लच पहिल्या दिवसापासून धरायला हवा. घसरणारा क्लच पाचशे किलोमीटरने सेट होत नाही, उलट घसरत घसरत चालवली तर चांगल्या प्लेटासुद्धा जळून जातात.

मग मित्राने भद्रकालीतल्या एका चाचांकडे नेलं. छोटं दुकान, एका वेळी दोनच गाड्या, आणि गाडीचा मालक समोर बसलेला नसेल तर चाचा इंजिनला हात लावत नाहीत. त्यांनी आधी गाडी एक चक्कर मारून आणली. परत आल्यावर साइड कव्हरला हात न लावता खाली वाकले आणि केबलच्या खालच्या टोकाचा अ‍ॅडजस्टर मला दाखवला. तिथल्या आट्यांवर वर्षानुवर्षांचा मळ बसलेला, पण मधले काही आटे एकदम चकचकीत. नट जिथे आधी बसायचा ती जागा उघडी पडली होती. “हा नट आत्ता आत्ता सरकवलाय,” चाचा म्हणाले. “तुमची केबल ताणलेली होती. त्याने पहिल्यांदा ही ढिली केली असणार. मग इंजिन कशाला उघडलं?”

हे जरा नीट सांगतो, कारण फसवणुकीची मेख इथेच आहे. लिव्हर सोडलेला असताना त्याच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, त्यानंतर वजन लागायला हवं. आपल्या गाड्यांमध्ये क्लचच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच फिरतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. प्लेटा झिजत जातात तशी लिव्हरची ही मोकळी हालचाल कमी होत जाते. ती संपली की आपण लिव्हर न दाबताही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो आणि चढावर घसरायला लागतो. उपाय म्हणजे खालचा नट सैल करणे. एक पाना आणि पाच मिनिटं. दुसरं स्वस्तातलं कारण ऑइलचं. कारसाठीचं ऑइल टाकलं तर त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं प्लेटांवर बसतात आणि क्लच घसरू शकतो, म्हणून डब्यावर जासो एमए (JASO MA) अशी खूण हवी. स्प्लेंडरचं ऑइल 10डब्ल्यू-30 चं, 900 मिलीच्या डब्यात मिळतं, शंभर ठिकाणी मिळतं. ही दोन्ही कारणं तपासल्याशिवाय साइड कव्हर उघडणारा मेकॅनिक एकतर अडाणी असतो किंवा लबाड, आणि इतकी वर्षं गॅरेज चालवणारा अडाणी असेल असं मला वाटत नाही.

चाचांनी माझ्यासमोर कव्हर उघडलं. पॅकिंग नवीन टाकलंच नव्हतं. जुन्याच फाटक्या पॅकिंगवर लाल सिलिकॉन फासलं होतं, आणि ते आत दाबलं जाऊन त्याचे शेवयांसारखे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकले होते. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. पैसे गेले ते गेले, पण ती जाळी पूर्ण तुंबली असती तर इंजिनला ऑइल मिळालं नसतं आणि आप्पांची गाडी खरोखरच भंगारात गेली असती. क्लच बेल बदलल्याचे पैसे घेतले होते, पण तिच्या खाचांमध्ये जुनं किटण तसंच होतं. स्प्रिंगा काढून चाचांनी फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. उंची सारखी नव्हती, दोन उघडच बुटक्या, म्हणजे दबलेल्या जुन्याच. प्लेटा हातात घेतल्या तर त्यांच्यावर आडव्यातिडव्या ओरखड्यांची नक्षी. जुन्या गुळगुळीत झालेल्या प्लेटा पॉलिश पेपरने घासल्या की काही दिवस बरा क्लच धरतो आणि रंगही उजळतो. गिऱ्हाइकाला नव्या वाटाव्यात म्हणून ही जुनी युक्ती.

तेवढ्यात मला ती पिशवी आठवली. ‘माझ्या’ म्हणून दिलेल्या जळक्या प्लेटा मी सोबत नेल्या होत्या. चाचांनी त्यातली एक घेतली आणि बेलमध्ये घालायला गेले. जाईना. प्लेट बेलपेक्षा मोठी! बाहेरचे दातही बेलच्या फटींशी जुळेनात. स्प्लेंडरमध्ये ती कधी बसलेलीच नव्हती, बसूच शकली नसती. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतल्या प्लेटा ह्याच होत्या. वर्तमानपत्रसुद्धा तेच, पिशवीत सोबत आलं होतं. किती गिऱ्हाइकांना तो फोटो गेला असेल देव जाणे.

मग माझ्या गाडीतल्या मूळच्या प्लेटा गेल्या कुठे? चाचांचा अंदाज असा की त्या थोड्याशाच झिजलेल्या असणार, आणि आता दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत ‘नव्या’ म्हणून फिरत असतील. हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून अंदाज म्हणूनच लिहितोय.

दुरुस्तीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चाचांनी मलाच शोरूमच्या स्पेअर काउंटरवर पाठवलं. प्लेटांचा सेट, स्प्रिंगा, पॅकिंग आणि केबल मी स्वतः बिलावर आणली, पाकिटं त्यांच्यासमोर फोडली, प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजत ठेवल्या. बेल त्यांनी बदलू दिली नाही, चांगली आहे म्हणाले. मजुरी धरून जो खर्च आला तो पहिल्या गॅरेजच्या निम्म्याहूनही कमी होता.

पुढचा भाग मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. पिशवी, लाल सिलिकॉनचे तुकडे आणि मोबाइलमधले फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, “तुम्ही गाडी बाहेर उघडलीत ना? आता आत कुणी काय टाकलं मला काय माहीत?” ही त्यांची ठरलेली पळवाट असते. तेव्हा असा संशय आला तर गाडी दुसरीकडे उघडण्याआधी पहिल्याला मेसेज करून कळवा, समोर यायला सांगा, आणि तो आला नाही तर कव्हरचा पहिला बोल्ट सैल करण्यापासून सलग व्हिडिओ काढा. माझ्याकडे सुदैवाने त्याने स्वतः पाठवलेला फोटो होता आणि पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद होती. फोटोतली प्लेट माझ्या गाडीत बसतच नाही, हे सांगायला तिसऱ्या माणसाची गरज नाही.

वहीचं पान म्हणजे बिल नव्हे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. चार हजारांसाठी कोण एवढं करतं, याच हिशोबावर ही मंडळी जगतात.

आणि एक, पार्टच्या पाकिटावर छापील किंमत आणि पार्ट नंबर असतो. रिकामं पाकीट मागून घ्या. पाकीट नाही, कचऱ्यात गेलं, पोराने जाळलं असं उत्तर आलं तर त्या पार्टचे पैसे देऊ नका, मग गॅरेज कितीही मोठं असो. जुने पार्ट मिळाले म्हणजे आपलेच मिळाले असं धरू नका, काम चालू असतानाच त्यांच्यावर मार्करने खूण करा.

मी 1915 वर तक्रार नोंदवली. त्यानंतर मालकाचा फोन आला, सूर एकदम बदललेला: “भाऊ, पंधराशे देतो, विषय मिटवा.” मी म्हटलं, देतोस ते दे, पण बेल आणि केबल बदललीच नव्हती हे तेवढं कागदावर लिहून सही करून दे. उत्तराची वाट बघतोय.