खरेदीसाठी एआय सहायक : चार महिन्यांचा अनुभव

इचलकरंजीतील आमच्या छोट्या कारखान्यासाठी पॅकिंगचे सामान मागवताना मी गेले चार महिने एक एआय सहायक वापरत आहे. तीन पुरवठादारांची दरपत्रके दिली की वाहतूक आणि जीएसटी धरून खरा दर तो मिनिटभरात मांडतो, आणि एकदा तर पत्ता सुरतचा असूनही जीएसटी क्रमांक गुजरातच्या २४ ऐवजी महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो, हे त्यानेच दाखवून दिले. एवढ्या कामासाठी मी तो निःसंकोच सुचवीन. मात्र बँक खाते बदलल्याचा बनावट ईमेल खरा धरून त्याने नवा खाते क्रमांक पेमेंटच्या मसुद्यात भरला होता. पुरवठादाराच्या जुन्या नंबरवर मी स्वतः फोन केला, म्हणून ४८,००० रुपये वाचले. तेव्हापासून ओटीपी आणि अंतिम मंजुरी माझ्याच हातात आहे.