पुस मॉथ की लेपर्ड मॉथ: कोणतं घ्यावं?

बंद केबिनचं, वर एकच पंख असलेलं, १९३०च्या दशकातलं हलकं विमान घ्यायचं किंवा त्यात भागीदारी करायची असेल, तर ब्रिटनमध्ये शोधताना डी हॅविलंडची दोन विमानं हमखास समोर येतात. मुंबईच्या जुहू विमानतळाने ती दोन्ही पाहिली आहेत. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पुस मॉथमधून. पन्नास वर्षांनी, १९८२मध्ये, त्यांनी तोच मार्ग पुन्हा उडवला, तेव्हा हाताशी लेपर्ड मॉथ होतं.

दुरून पाहिलं तर दोन्ही सारखीच वाटतात. उलटं बसवलेलं चार सिलिंडरचं जिप्सी इंजिन, कापड चढवलेले लाकडी पंख, पंखाखाली तिरक्या आधारदांड्या आणि हँगरमध्ये जागा वाचावी म्हणून मागे दुमडणारे पंख. खरा फरक सांगाड्यात आणि आसनांत आहे.

पुस मॉथचा पहिला नमुना सप्टेंबर १९२९मध्ये उडाला. त्याचं धड प्लायवूडचं होतं. विक्रीसाठी बनवलेल्या विमानांत मात्र वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड आलं. इंजिन १२० अश्वशक्तीचं जिप्सी थ्री, पुढे काहींना १३०चं जिप्सी मेजर. एकूण २८४ विमानं झाली, त्यातली २५ कॅनडात. लेपर्ड मॉथ मे १९३३मध्ये उडालं आणि त्याच वर्षी ब्रिटनची किंग्ज कप विमानशर्यत जिंकलं. त्याचं धड पुन्हा लाकडी, म्हणजे स्प्रूस आणि प्लायवूडची पेटी. पंख टोकाकडे निमुळते, इंजिन जिप्सी मेजर. ही सव्वाशेच्या थोडी वर झाली.

लाकडी धडामुळे वजन वाचलं आणि ते माणसांना मिळालं. पुस मॉथ हे मुळात दोघांचं विमान. वैमानिकामागे एक प्रवासी ऐसपैस बसतो, तिसरा बसला तरी अडचणीतच. लेपर्डमध्ये वैमानिक पुढे मधोमध आणि मागे दोघं शेजारी-शेजारी. कमाल उड्डाणवजन पुसचं सुमारे ९३०, लेपर्डचं सुमारे १,००९ किलो. कमाल वेग ताशी २०६ विरुद्ध २२० किलोमीटर. पल्ल्यात मात्र मोठी तफावत आहे: पुसच्या मूळ टाक्यांवर जेमतेम ४८० किलोमीटर, लेपर्डचा ११०० किलोमीटरच्या वर. १९३२मध्ये ब्रिटिश वैमानिक जिम मोलिसनने पुस मॉथ एकट्याने अटलांटिकपार पश्चिमेकडे नेलं, तेही केबिनमध्ये जादा टाकी बसवूनच.

पुस मॉथ घेणाऱ्याने एक इतिहास नीट समजून घ्यावा. १९३० ते १९३३च्या दरम्यान अनेक विमानांचे पंख खवळलेल्या हवेत तुटले आणि माणसं गेली. त्यानंतर पुढच्या आधारदांडीला बळकटी दिली गेली आणि छोटी उपदांडी जोडली गेली. विमान बघायला गेलात की सगळ्यात आधी ही दुरुस्ती झाल्याची नोंद मागा, मग दांडीच्या दोन्ही टोकांचे बोल्ट आणि छिद्रं पाहा. छिद्र लंबगोल झालेलं असेल, तर तिथे हालचाल होत होती असं समजा.

आता गंज आणि कूज. पोलादी नळी बाहेरून चकचकीत असली तरी आतून सडलेली असू शकते. शेपूट टेकवून विमान उभं असतं, त्यामुळे पाणी शेपटीकडच्या सर्वांत खालच्या नळ्यांत उतरतं. तिथे टोकदार पंचने हलकेच ठोका; खळगा पडला तर नळी बदलायची. हे काम कापड उतरवल्याशिवाय नीट होत नाही, पण चांगला वेल्डर ते करतो. लेपर्डच्या पेटीत रोग लपतो. त्या काळचा केसीन गोंद (दुधातल्या प्रथिनापासून बनवलेला) ओल लागली की कुजतो, प्लायवूड मात्र वरून धडधाकट दिसतं. दारांच्या उंबऱ्याखालचे कोपरे आणि पेटीच्या तळाची पाणी निघायची छिद्रं आधी पाहा. छिद्र बुजलेलं असेल तर त्याच्या आसपास बोटाच्या पेराने टकटक करा. सांधा सुटला असेल तिथे आवाज बोदा येतो. आत नाक घातलं की कुबट वासही येतो. अशा विमानाची किंमत उघडल्याशिवाय ठरवू नका. आणि पुस मॉथ पोलादी म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण त्याचे पंख लाकडीच आहेत. गोंदाची तपासणी तिथेही तितकीच कसून हवी.

आमचं मत असं: दोघांना घेऊन प्रवास करायचा असेल आणि कोरडं हँगर पक्कं असेल, तर लेपर्डच घ्या, आसनं, वेग आणि पल्ला यांत ते पुढारलेलं आहे. एकच सोबती असेल आणि हँगर दमट असेल, तर दुरुस्त केलेलं पुस मॉथ जास्त वर्षं साथ देईल. दोन्हींत कागदावरचं रिकामं वजन मानू नका. रेडिओ आणि रंगाचे थर यांनी ते वाढलेलं असतं. काट्यावर चढवून घ्या. जिप्सी मेजर तासाला सुमारे ३० लिटर पेट्रोल पितं. तिघं बसल्यावर टाकी किती भरता येते, हा हिशेब सौदा होण्याआधीच करा.

दोन्हींना फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग कमी करायला पंखामागे खाली झुकणाऱ्या झडपा, नाहीत आणि दोन्ही उतरताना जमिनीच्या थोडं वर लांबवर तरंगत राहतात. त्यावर उपाय म्हणून चाकांच्या पायांवरची रुंद आवरणं नव्वद अंशांत वळवून हवेला आडवी करता येतात. ती वळवणारा केबिनमधला दांडा सहज फिरतो का, हे जमिनीवरच पाहून घ्या.

उलट्या इंजिनाचीही एक सवय आहे. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या बाजूच्या सिलिंडर डोक्यांत साचतं. सुरू करण्याआधी स्विच बंद असल्याची खात्री करून, चाकांना अडसर लावून, पंखा हाताने सावकाश काही वेळा फिरवा. मध्येच घट्ट अडला तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये तेल अडकलेलं असतं आणि जबरदस्ती केली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, तेल निथळू द्या, मगच पुढे जा.