सायलेंट हेल्मेट म्हणून आत गादीचा स्पंज भरून विकायलेत, टूरिंगवाल्यांनी वाचाच

लांब गाडी चालवणाऱ्यांसाठी लिहायलोय, त्यातही जे आवाज कमी येणारं हेल्मेट शोधायलेत त्यांनी तर नीट वाचा, कारण नेमकी हीच गरज हेरून गंडवायचा प्रकार चाललाय अन् मला तो साडेआठ हजाराला पडलाय. रस्त्याच्या कडंला टपरीवर दोन-तीनशेचं टोपडं मिळतंय ते सोडून द्या, ते घेणाऱ्याला पण माहीत असतंय की हे पोलिसापुरतं आहे. हे तसलं नाही. हे एसी दुकानात, काचेच्या कपाटात, मऊ कापडी पिशवीत घालून, एका नावाजलेल्या इटालियन कंपनीच्या नावानं विकतेत.

मी परभणीचा. आमचं फिरणं म्हणजे गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, लातूर, औसा करत तुळजापूर अन् तिथून जमलं तर नळदुर्ग, नाहीतर इकडं जिंतूर-मंठा-जालना मार्गे संभाजीनगर. समृद्धीवर आपल्याला, म्हणजे दुचाकीला, बंदीच आहे, त्यामुळं हे नेहमीचेच रस्ते. दोन्ही बाजूला उघडं रान, आडवं वारं सुटलं की हेल्मेटात असा घोंगाट होतो की रात्री मुक्कामाला टेकल्यावर पण कानात सूं सूं चालूच. बायको काहीतरी विचारायली अन् मी हां हां करायलो असं कैकदा झालं. म्हणून म्हणलं एकदाच काय ते चांगलं, सेफ अन् शांत हेल्मेट घेऊन टाकावं.

दुकान संभाजीनगरातलं, नाव घेत नाही, तक्रार चालू आहे. तिथला पोरगा बोलायला लई गोड. "दादा, टूरिंग करता ना, मग हे बघा, सायलेंट सीरिज, ईसीई बावीस पॉइंट शून्य सहा, डॉट पण आहे, आयएसआय पण आहे, तिन्ही." म्हणजे युरोप, अमेरिका अन् भारत, तिन्हीकडचे सुरक्षिततेचे शिक्के. डोक्यात घातलं, काच बंद केली, अन् बाहेर नेऊन स्वतःची बुलेट चालू करून माझ्या बाजूला उभा राहून रेस केली. खरंच आवाज दबला होता. मग मोबाईलवरचं साउंड मीटर काढलं, बाहेर धरून दाखवलं, मग मोबाईल हेल्मेटात खुपसून दाखवलं, आकडा दणकन खाली. सोबत भाचा होता, तो पण म्हणाला मामा घेऊन टाका. बिल मागितलं तर "पक्कं बिल केलं की जीएसटी लागंल, तुमच्यासाठी बिनाजीएसटी रेट लावलाय" असं म्हणून कोऱ्या कागदावर शिक्का मारून दिला अन् पैसे फोनपेवर घेतले, ते पण दुकानाच्या नावानं नाही, कुठल्यातरी बाईच्या नावावर.

आता ह्यात डाव काय आहे ते समजून घ्या. उभ्या गाडीचा इंजिनाचा आवाज अन् पळत्या गाडीवरचा वाऱ्याचा आवाज ह्या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाचा आवाज बाहेरून येतो, कानावर जाड स्पंज दाबला की तो दबतो, गोधडी पांघरल्यावर दबतो तसाच. वाऱ्याचा आवाज हेल्मेटच तयार करतं. हवा फुटते ती मानेपाशी खालून, हनुवटीखालून, काचेच्या रबरापाशी अन् वरच्या व्हेंटपाशी म्हणजे हवेच्या भोकांपाशी, अन् तो घोंगाट हेल्मेटाच्या बाहेरच्या टरफलातून अन् तुमच्या हाडातून सुद्धा कानात येतो. म्हणून दुकानात उभं राहून हेल्मेट शांत आहे का नाही हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही, अन् जो सांगतो, मीटर लावून दाखवतो, तो एकतर अडाणी आहे नाहीतर चोर.

परत येताना मंठ्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला, सत्तरच्या वर काटा गेला अन् जुन्यापेक्षा जास्त बोंब. वर हेल्मेट डोक्यावर डुलायलं. ट्रक समोरून गेला की मान झटक्यानं मागं. मला वाटलं नवीन आहे, बसंल हळूहळू.

एप्रिलात आमच्याकडं ऊन कसलं असतंय ते सांगायची गरज नाही, आतला कपडा घामानं आंबला म्हणून धुवायला काढायला गेलो. चांगल्या हेल्मेटाला गालाच्या गाद्या टिचबटनावर असतात, टक टक निघतात. ह्याच्या निघंनात. ओढलं तर कपडा फाटला अन् आतून पिवळा स्पंज बाहेर आला, गादीवाल्याकडं मिळतो तोच, सोल्युशननं चिकटवलेला, कडंला कात्रीनं वाकडातिकडा कापलेला. स्पंज सोलून काढला तर मागं थेट प्लास्टिकचं टरफल. थर्माकोल होतं ते फक्त टाळूवर, बोटाच्या पेराएवढं जाड, अन् ते पण पॅकिंगवालं, नख लावलं की दाणे सुटायले. कानाच्या बाजूला, कानशिलाला, मागं, काही नाही. टरफल उन्हाकडं धरलं तर एका जागी उजेड दिसत होता.

ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, हेल्मेटात जीव वाचवतं ते हे आतलं दाट थर्माकोल, ईपीएस म्हणतेत त्याला. डोकं आदळलं की ते चेपतं अन् धक्का खाऊन टाकतं, म्हणून एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट परत वापरत नसतेत. स्पंज काही खात नाही, तो लगेच तळाला टेकतो. म्हणजे ज्या स्पंजामुळं ते दुकानात शांत वाटलं, तोच स्पंज थर्माकोलच्या जागेवर बसवला होता. राग आला तो पैशाचा नाही, ह्याचा आला. हेच डोक्यात घालून मी बायकोला मागं बसवून तुळजापूरला जाऊन आलो होतो.

मग एकेक स्टिकर तपासायला बसलो. आयएसआयच्या खुणेवर आयएस 4151 हा हेल्मेटाच्या भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला असतोय अन् खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर असतो. हा मार्क देणारी सरकारी संस्था म्हणजे बीआयएस, तिचं बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, फुकट आहे, त्यात तो नंबर टाकला की कंपनीचं नाव, माल कोणता, लायसन्स चालू आहे का बंद, सगळं येतं. माझ्या हेल्मेटाचा नंबर टाकला तर लायसन्स निघालं भलत्याच कंपनीचं, अन् ते पण मुदत संपलेलं. डॉटचं तर विचारूच नका, अमेरिकेत तो शिक्का कंपनी स्वतःच स्वतःला देते, सरकार नंतर बाजारातून माल उचलून तपासतं, अन् इकडं ते स्टिकर ऑनलाइन पानानं मिळतेत. ईसीईची गंमत सगळ्यात भारी. खरी ईसीईची पट्टी हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेली असते, गोलात ई अन् देशाचा आकडा, 1 म्हणजे जर्मनी, 3 म्हणजे इटली, अन् शेजारी मंजुरीचा नंबर, 22.06 असंल तर तो 06 नं सुरू होतो. माझ्या पट्ट्यावर पट्टी होती खरी, पण नंबर 05 नं सुरू, म्हणजे जुन्या नियमाचा, अन् शेवटी अक्षर जे. जे म्हणजे उघड्या तोंडाचं हेल्मेट. बंद हनुवटीवाल्याला पी पाहिजे. चोरांनी हाफ हेल्मेटाची पट्टी फुल फेसला शिवली होती, कॉपी पण धड नाही केली.

दुकानात परत गेलो तर गोड पोरगा गायब, मालक गल्ल्यावर. सगळं दाखवलं तर म्हणतो, "भाऊ, हा इम्पोर्टेड माल आहे, ह्याला आयएसआय लागतच नाही." म्हणलं मग लावलंय कशाला? त्यावर गप. अन् लागत नाही हे पण धादांत खोटं आहे, 1 जून 2021 पासून देशात दुचाकीचं कोणतंही हेल्मेट विकायचं तर बीआयएसचा मार्क सक्तीचा आहे, इटलीचं असो नाहीतर चंद्रावरचं. मग म्हणाला तुम्ही फाडलंय, फाडलेला माल परत घेत नाही. मग म्हणाला बिल दाखवा. ह्या बिलासाठीच तर सगळा खेळ होता.

1915 ला फोन लावला, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतेत, तक्रार घेतली. बीआयएस केअरवर फोटोसकट वेगळी तक्रार टाकली, मार्क खोटा लावणं हा वेगळा गुन्हा आहे, बीआयएस कायद्यात पहिल्या वेळंला 2 वर्षांपर्यंत कैद नाहीतर कमीत कमी 2 लाख दंड आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच दावा टाकता येतो, दुकान कुठंही असो, अन् 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. माझ्याकडं फोनपेची एंट्री आहे, शिक्क्याचा कागद आहे अन् सगळ्यात कामाचं म्हणजे भाच्यानं हौसेनं काढलेला व्हिडिओ, त्या पोराचं मीटर-बिटर सगळं त्यात आलंय. व्हिडिओचं कळलं तसा मालक निम्मे पैसे देतो म्हणून फोन करायला. घेतले नाहीत.

आता शांततेचं. सध्या मी साधं भारतीय बनावटीचं, पक्क्या बिलाचं, ॲपवर नंबर तपासलेलं फुल फेस वापरायलोय, किंमत त्या इटालियनच्या निम्मी पण नाही. मापाला टेपनं भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजला अन् घट्ट निघालं तेच घेतलं, पट्टा लावून मागून पुढं ढकललं तर निघायला नाही पाहिजे. गाल जरा दबले पाहिजेत, सैल हेल्मेटात खालून वारं शिरतं अन् तिथूनच निम्मा घोंगाट येतो. हनुवटीखाली कापडी पडदा मिळतो तो लावला. गाडीला मोठी काच असंल तर बघा, कधीकधी तिच्यामुळंच फुटलेली हवा बरोबर हेल्मेटावर येते, माझी काढून ठेवली तर फरक पडला.

पण खरा फरक मेडिकलमधल्या कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांनी पडला, किंमत चहा-भज्याएवढी. ताशी 100 ला चांगल्या हेल्मेटात पण कानाशी 100 डेसिबलच्या आसपास आवाज असू शकतो, अन् नायॉश म्हणून अमेरिकेची सरकारी संस्था आहे तिच्या हिशोबानं 85 डेसिबल आठ तास चालतं, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला फक्त 15 मिनिटं. परभणी ते अंबाजोगाई किती वेळ लागतो तुम्हीच बघा. बोळे वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा अन् आत सोडून फुगू द्यायचे. आवाज सगळेच दबतात, पण हॉर्न ऐकू येतो, ट्रकचा तर येतोच, अन् वाऱ्याचा सूं सूं कमी होतो.

ज्यांनी मागच्या वर्षभरात संभाजीनगरातून असं "सायलेंट" काहीतरी बिनबिलाचं घेतलंय त्यांनी आज घरी गेल्यावर गालाची गादी काढून बघा. पिवळा स्पंज निघाला तर फेकू नका, फाडलेलं तसंच ठेवा, फोटो काढा, फोनपेची एंट्री शोधून ठेवा अन् 1915 ला लावा. एकट्याच्या तक्रारीवर दुकानदार निम्म्या पैशाची बोली लावतो, दहा जणांच्या आल्या तर छापा पडंल.