चार्जरचा दिवा हिरवा झाला, पण अर्थिंग झालंच नव्हतं

घरी इलेक्ट्रिक गाडी असेल आणि पार्किंगमध्ये तिच्यासाठी वेगळा पॉइंट काढून घेतला असेल, तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा. आमचे साडेचौदा हजार रुपये गेले. त्याचा राग आहेच, पण पैशांसाठी मी लिहायला बसले नाही. ज्याने पैसे घेतले, त्याने गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल अशी जोडणी करून ठेवली आणि जाताना सांगितलं, "ताई, हिरवा दिवा आला बघा. आता निर्धास्त झोपा."

आमचं नाशिकमध्ये जुनं रो-हाऊस आहे. गाडीसोबत पोर्टेबल चार्जर मिळाला, आपल्या गीझरला असतो तसा तीन जाड पिनांचा प्लग असलेला. पार्किंगमधल्या जुन्या पॉइंटवर तो लावला की लाल दिवा लागायचा आणि चार्जिंग सुरूच व्हायचं नाही. चार्जर बिघडलेला नव्हता. गाडीला वीज देण्याआधी सॉकेटला अर्थिंग आहे का हे तो स्वतः तपासतो, आणि तिथे अर्थिंगची तारच नव्हती. गाडी रबरी टायरवर उभी असते. आत कुठे फेज, म्हणजे विजेची जिवंत तार, पत्र्याला लागली, तर ती वीज जमिनीत जायला अर्थिंगशिवाय दुसरी वाट नाही. ती वाट नसेल तर दाराला हात लावणारा माणूसच वाट होतो.

गाडीच्या शोरूममधल्या एकाने वायरिंगवाल्याचा नंबर दिला. माणूस बोलायला गोड, वेळेवर येणारा. त्याने पक्कं बिल केलं, त्यात सगळं व्यवस्थित लिहिलेलं: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा आयएसआय सॉकेट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की आपोआप तोडणारा स्विच), पाइप टाकून नवीन अर्थिंग. अंगणात खड्डा खणला, वर सिमेंटचं चौकोनी झाकण बसवलं. चार्जर लावला, दिवा हिरवा झाला, गाडी चार्ज होऊ लागली. यात शंका यावी असं काहीच नव्हतं, आणि फसवणूक नेमकी इथेच आहे. घरातला माणूस फक्त दिवाच पाहू शकतो, हे त्याला माहीत होतं.

पावसाळा लागला. पार्किंगची फरशी ओली होती, गाडी चार्जिंगला लावलेली होती. सासूबाई अनवाणी गेल्या आणि गाडीच्या दाराला हात लागताच झटकन मागे सरकल्या. "मुंग्या आल्या गं हाताला," म्हणाल्या. त्यांना पुढे काही झालं नाही, हे आमचं नशीब. मेन स्विच बंद केला आणि गल्लीतल्या एका काकांना बोलावलं. ते महावितरणमधून निवृत्त झालेत, आयुष्य तारांमध्ये गेलेलं.

काकांनी सॉकेट उघडला. अर्थच्या टर्मिनलला बाहेरून येणारी तार नव्हतीच. न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेच्या, टर्मिनलपासून अर्थच्या टर्मिनलपर्यंत बोटाच्या पेराएवढा वायरचा तुकडा टाकलेला होता. बस्स, एवढंच 'अर्थिंग'. न्यूट्रल सबस्टेशनवर जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे चार्जरला वाटतं अर्थ मिळाला, आणि तो हिरवा दिवा देतो.

हे किती भयंकर आहे ते काकांनी समजावलं, ते मी जसंच्या तसं सांगते. मागे कुठेही न्यूट्रल सुटला किंवा जोड सैल झाला, की फेजमधून चार्जरमधून आलेल्या विजेला परत जायला रस्ता राहत नाही. मग सॉकेटमधला न्यूट्रलच जिवंत होतो, त्या तुकड्यातून वीज अर्थच्या पिनेवर जाते, आणि अर्थची पिन थेट गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे जी तार माणसाला वाचवायची, तीच मारायला येते. आमच्याकडे भिंतीतल्या पाइपात न्यूट्रलला नुसता पीळ देऊन जोड दिला होता, वर टेप. रोज तासन्‌तास तेरा-चौदा अँपिअर वाहून तो तापला आणि सैल झाला.

अंगातून धोकादायक करंट जाऊ लागला तर आरसीसीबीने लगेच वीज तोडायला हवी. बोर्डात तसा दिसणारा दोन पोलचा डबा होताही. तो साधा आयसोलेटर निघाला, नुसता हाताने चालू-बंद करायचा. खऱ्या आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण असतं आणि किती मिलिअँपिअरचा ते छापलेलं असतं. बटण दाबल्यावर तो खटकन पडलाच पाहिजे. अंगणातलं झाकण उचललं तर खाली माती, आणि मातीत उभा खोचलेला पट्टीचा तुकडा, कशालाच न जोडलेला. वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तेव्हा तांबूस थराखाली पांढरी ॲल्युमिनियम निघाली, आणि तीही अडीच चौरस मिलिमीटरची. अशा वायरवर फार तर १६ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) हवा. त्याने ३२चा टाकला होता, म्हणजे वायर तापली तरी तो पडायचा नाही आणि त्याच्याकडे आमची तक्रारही जायची नाही.

सॉकेटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. बोलीत आपण ५ आणि १५ अँपिअर म्हणतो, मानकात ते ६ आणि १६ आहे, आणि मानक आहे आयएस १२९३. छोट्या प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, मोठ्याच्या ७. दोन्ही प्लग बसणारे एकत्र सॉकेट मिळतात, आमच्याकडे तसलाच लावला होता. दोन मापांना सामावून घेणाऱ्या आतल्या पट्ट्या जाड पिनेला घट्ट धरतीलच असं नाही, आणि पकड सैल की तिथे उष्णता. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी ३ किलोवॉटच्या आसपास वीज रात्रभर ओढते. आमच्या सॉकेटचं तोंड तपकिरी पडलं होतं आणि आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा, क्रमांकच नव्हता. तो क्रमांक असला तरी भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहा, कंपनीचं नाव जुळतं का ते कळतं. मोठ्या प्लगला छोट्या सॉकेटमध्ये बसवणारे कन्व्हर्टर दुकानात सर्रास देतात. गाडीसाठी ते घेऊच नका, एक्स्टेन्शन बोर्डही नको. आणि भिंतीवरचा ७ किलोवॉटचा चार्जर घ्यायचा असेल तर त्याला ३२ अँपिअर लागतात. त्याला तीन पिनांचा घरगुती सॉकेट चालतच नाही, "जुळवून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बाजारात तीन दिव्यांचं सॉकेट टेस्टर मिळतं. आमच्यासारखी जोडणी असेल तर तेही 'सगळं ठीक' असंच दाखवतं, त्यावर विसंबू नका. काकांनी मल्टिमीटर लावला होता. त्याच सर्किटवर भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये थोडे तरी व्होल्ट दिसायला हवेत, कारण भार न्यूट्रलमधून वाहतो, अर्थमधून नाही. काटेकोर शून्य दिसलं तर सॉकेटच्या आतच तुकडा टाकल्याचा दाट संशय घ्या, मेन बंद करून जाणकाराकडून तो उघडून घ्या. हे मोजमाप स्वतः करू नका.

आता नवीन काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेतलं. मेन बोर्डापासून सलग वायर, मध्ये जोड नाही, वायरच्या अंगावर आयएस ६९४ आणि माप छापलेलं. अर्थिंगचा पाइप जमिनीत जाताना मी स्वतः उभी होते. अर्थचा रोध मोजून त्याने टेस्ट रिपोर्टवर सही केली. ही सही मागितली की खोटं काम करणारा तिथेच कारणं सांगायला लागतो.

पहिला माणूस आता फोन उचलत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तो तिथेही बोलला नाही. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आमच्याकडे बिल आहे, उघडलेल्या सॉकेटचे, त्या तुकड्याचे आणि झाकणाखालच्या मातीचे फोटो आहेत, काढलेलं सगळं सामान पिशवीत जपून ठेवलंय. त्याने याच भागात आणखी घरांमध्ये चार्जिंगचे पॉइंट काढलेत. आम्ही त्या घरी जाऊन सांगतोय. ज्यांनी ज्यांनी असा पॉइंट काढून घेतलाय त्यांनी आज गाडी लावण्याआधी बोर्डातलं टेस्टचं बटण दाबून पाहा. बटणच नसेल, किंवा दाबूनही काही पडलं नाही, तर गाडी लावू नका.